वीज न जाणारी शिडी

लाईनमन मडावीला वीस फुटांची शिडी हवी होती,
बांबूचीच.
“लोखंडाच्या सिडीवर चढलो त उतरीन कायमचाच,”
म्हणाला, आणि खर्रा तोंडात टाकून निघून गेला.

मी सुट्टीवर. अंगणात कामट्या, बुरड्यांचा पसारा,
माझ्या मांडीवर वही, वहीत माझी शिडी:
दोन खांब, मध्ये पायऱ्या,
पायरीच्या दोन्ही टोकांना लोखंडाचा एकेक अणू,
भोवती गंधक,
आणि दोन शिड्यांमधल्या जागेत बेरियम,
आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा झालेला.

बाबांनी भोक पाडता पाडता डोकावून पाहिलं.
“तुयी सिडी लोखंडाची?”
हो.
“मंग करंट सन्नाट जात असन.”
नाही जात, बाबा. थंडीत तर मुळीच नाही.
कोयता थांबला.
“लोखंडाची, अन् करंट जात नाही?
मंग तेच देऊन टाक मडावीले.”

कसं सांगू,
की प्रत्येक अणूपाशी एक काटा असतो, होकायंत्रातला असावा तसा.
एका पायरीवरचे दोघे एकीकडे तोंड करून,
वरच्या पायरीवरचे उलट,
त्याच्या वरचे पुन्हा सुलट.
उणे दीडशेच्या खाली ही मांडणी पक्की बसते,
आणि इलेक्ट्रॉन आपापल्या दारात अडून,
जसे बाबा आणि समोरच्या घरातले दसरूकाका,
डेपोतल्या बांबूच्या वाटणीवरून
सात वर्षं.

प्रयोगशाळेत मी खसखशीहून लहान कण
दोन हिऱ्यांच्या टोकांत धरते,
आणि चार स्क्रू पाव पाव फेऱ्याने आवळते.
लाखभर वातावरणांचा दाब.
मग ती मांडणी सैल होते.
तोंडं फिरवलेले काटे डुगडुगतात, कुठेच ठरत नाहीत,
रांग जाते, थरथर राहते;
आणि एकमेकांना ढकलणारे ते ऋण जीव
जोडीने निघतात.
मग अडथळा कमी नाही होत,
शून्य होतो.

ती थरथरच त्यांना जोडते, असं आम्ही लिहितो.
शपथेवर विचाराल तर, माहीत नाही.
माझ्या आलेखात रेघ चौदा केल्विनला खाली झुकली
आणि अर्ध्यातच थांबली.
फेब्रुवारीत एक हिरा तडकला.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

चारच्या सुमारास शिडी तयार झाली.
मडावीच्या मोटारसायकलवर ती मावणार नव्हती,
डीपी बोडीच्या पलीकडे,
आणि बाबांना एकट्याला झेपणार नव्हती.
मी वही ठेवेपर्यंत
दसरूकाका रस्ता ओलांडून आले होते.
कोणी हाक मारली नव्हती.
त्यांनी मागचं टोक खांद्यावर घेतलं.

मी पाठीमागून चालले.
बाबांचं पाऊल पडलं की बांबू मधात लवायचा,
ते लवणं सरकत मागे जायचं,
आणि त्याच लवण्यात काकांचं पाऊल पडायचं,
जरा उशिरा, पण बरोबर.
पाळीवर, धुऱ्यावर, मोहाच्या मुळांवरून,
शब्द नाही, मागे वळून पाहणं नाही,
दोघांमध्ये वीस फूट.
कुठेच ठेच लागली नाही.

डीपीपाशी शिडी टेकवली.
काका दुसऱ्या वाटेने घरी गेले.
बाबा बराच वेळ खांदा चोळत राहिले,
दुखत नव्हता तरी.

रात्री नऊला लाईन आली.
पंखा कुरकुरत फिरायला लागला.
भाताचा शेवटचा घास घेताना बाबांनी विचारलं,
“तुयी सिडी किती फुटाची?”
कागदावर तिला टोकच नाही, म्हटलं.
“बाप्पा! मंग नेते कोन?”
दोघं. दर वेळी दोघंच.
बाबांनी ताटात पाणी ओतलं, हात धुतला,
अंधारात समोरच्या घराकडे बघितलं.
“मंग सुका बांबू नोको घेऊ.
थोडा वला पायजेन.
लवला पायजेन.”